कांचेंतील दहा आंकडे

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत विजेच्या नळ्यांची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. आमचें उत्तर इतकेंच कीं, आंकडा हेंहि एक अक्षरच आहे. त्याला वळण आहे, घाट आहे; आणि जेथें वळण आलें तेथें गुणदोषविवेचनहि ओघानेंच आलें.

गेल्या पावसाळ्यांत माणिकगडच्या डोंगरावर, जिवतीस, एका शिक्षक स्नेह्यांकडे आम्ही उतरलों होतों. कोणा प्रयोगशाळेंतून मोडींत निघालेलें एक जुनें मोजयंत्र त्यांनीं जपून ठेवलें होतें. त्याच्या दर्शनी भागावर सहा कांचेच्या नळ्या होत्या. बरींच वर्षें पडून राहिलेल्या यंत्रास एकदम पूर्ण वीज देणें म्हणजे दीर्घ उपोषण केलेल्या माणसास पंक्तीला बसविणें होय. त्यांतील कपॅसिटर अशक्त झालेले असतात व ते फुटण्याचा संभव असतो. यासाठीं आमच्या स्नेह्यांनीं विजेचा दाब अगदीं सावकाश वाढवीत नेला. आंतील दाब सुमारें १७० व्होल्टांवर पोंचला आणि सहाहि नळ्यांत नारिंगी शून्यें उमटलीं. हा दाब प्राणघातक ठरूं शकतो. जाणत्या मनुष्यावांचून असल्या यंत्राचें झांकण कोणीं उघडूं नये.

ही नळी अमेरिकेंतील बरोज कंपनीनें १९५५ सालीं 'निक्सी' या नांवानें प्रसृत केली. कांचेच्या आंत मुख्यतः निऑन वायू, एक जाळीदार धनाग्र, आणि एकामागें एक मांडलेलीं, ० ते ९ या इंग्रजी आंकड्यांच्या आकाराचीं दहा ऋणाग्रें, अशी तिची रचना. ज्या आंकड्यास प्रवाह मिळतो त्याच्या अंगालगतचा वायू उजळतो. धातु स्वतः तापून लाल होत नाहीं, म्हणून या प्रकाशांत दिव्याच्या तारेची प्रखरता नसते. प्रवाहहि अल्पच लागतो. पुरवठा १८० व्होल्टांचा असून नळी १४० व्होल्ट घेत असेल, तर २ मिलिअँपिअर प्रवाहाकरितां मध्यें २०,००० ओहमचा रोध घालावा लागतो. तो नसल्यास प्रवाहाला आवर राहात नाहीं व नळी निकामी होते.

दहा आंकडे एकाच पातळींत नसल्यामुळें मोजणी चालूं असतां आंकडा पुढें येतो, मागें जातो. त्यांच्या मांडणीचा क्रम गणिताचा नसतो. एकानें दुसऱ्यास कमींत कमी झांकावें, हें त्यांतील धोरण. ही खोली गरजेंतून आलेली आहे, आणि म्हणूनच ती आम्हांस अकृत्रिम वाटते. मात्र सर्वच नळ्या सारख्या गुणाच्या नव्हत. सोव्हिएत रशियांत झालेल्या 'आयएन-१२' नळींतील ५ म्हणजे चक्क उलटा केलेला २ आहे. काटकसर आम्ही समजूं शकतों; पण त्या ५ चा तोल ढळलेला दिसतो, हें सांगितलेंच पाहिजे.

१९७०च्या दशकांत सात रेघांच्या आंकड्यांनीं या नळ्यांची जागा घेतली. तेथें ८ हाच काय तो पूर्ण. बाकीचे नऊ त्यांतून रेघा वजा करून काढलेले. त्या चौकटींत आपला देवनागरी ५ बसवावयाचा म्हटल्यास त्याचें वळणच मोडावें लागेल. तथापि त्यांची निंदा करणें अन्यायाचें होईल. थोड्या व्होल्टांवर ते चालतात, धक्के सोसतात. या डोंगरावर मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व बंजारा बोलणारीं माणसें एकाच वजनकांट्यावरील तांबडे आंकडे वाचतात आणि आपला माल बरोबर मोजला गेला कीं नाहीं, हें पाहतात. हें काम सौंदर्याहून लहान नाहीं.

आमचा खरा आक्षेप आहे तो जुन्या नळ्यांच्या आजच्या हौशी संग्राहकांवर. ते बहुधा त्यांचीं घड्याळें करतात. चोवीस तासांच्या घड्याळांत तासाच्या दहंस्थानीं ०, १ आणि २ एवढेच आंकडे लागतात. पेटलेल्या आंकड्याच्या धातूचे कण उडून न पेटलेल्या आंकड्यांवर बसतात, आणि कांहीं काळानें त्यांवरील प्रकाश तुटक होतो. शोभेसाठीं ठेवलेली नळी अशी शोभेपायींच बिघडते. सुज्ञ कारागीर दररोज कांहीं वेळ दहाहि आंकडे आळीपाळीनें पेटवितात, तें याच कारणासाठीं.

जिवतीच्या त्या यंत्रांत याचाच प्रत्यय आला. एकंस्थानची नळी निर्दोष होती, कारण तिनें दहाहि आंकडे सारखे मोजले होते. लक्षस्थानीं मात्र बहुतेक काळ शून्यच असावें. तेथील ८ चा खालचा अर्धा भाग उजळेना. स्नेह्यांनीं ती नळी काढून निराळ्या खोबणींत बसविली, आणि तो एकच आंकडा किंचित् अधिक प्रवाहावर पेटवून ठेवला. रात्रभर कांहीं फरक दिसला नाहीं. नळी गेली, असेंच आम्हीं धरून चाललों होतों. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीस पाहतों तों ८ चें खालचें वर्तुळ, एका बारीक फटीखेरीज, जुळून आलें होतें.

अशा वस्तूची रसिकता ती कपाटांत मिरविण्यांत नसून तिला तिचें सगळें काम देण्यांत आहे, असें आमचें मत या दर्शनानें दृढ झालें. ती फट पुढें भरली किंवा कसें, हें विचारणारें पत्र आम्हीं जिवतीस धाडलें आहे.