राखेतले कोंब आणि आपल्या टेकड्या

वणव्यानंतरच्या निसर्गाविषयी मुलांसाठी जे लिहिले जाते त्याचा एक साचा ठरून गेला आहे. आधी ज्वाळा, मग राख, मग राखेतून डोकावणारा कोंब. उदाहरण बहुधा अमेरिकेतील यलोस्टोनचे. १९८८ च्या आगींत या राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग होरपळला आणि पुढे तेथे लॉजपोल पाइनची दाट रोपे उगवली. हे खरेच आहे. या पाइनच्या पुष्कळ झाडांची शंकूफळे राळेने बंद असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळते व बी मोकळे होते. आक्षेप आहे तो हीच गोष्ट चाकणजवळच्या भामचंद्र डोंगराला किंवा देहूजवळच्या भंडाऱ्याला जशीच्या तशी लावण्याला.

आपल्या टेकड्यांवर जळते ते मुख्यतः वाळलेले गवत. ही आग भरभर पुढे सरकते. काही सेंटिमीटर खालची माती फारशी तापत नाही. बहुवर्षायू गवतांचे डोळे जमिनीलगत असतात, काळी मुसळी, दीपकाडी यांचे कंद त्याहून खाली. जूनच्या सरींनंतर दिसणारी हिरवळ राखेने दिलेली नसते, ती आधीपासून तेथेच असते. न जळलेला तुकडाही त्याच सरींनी हिरवा होतो! कुसळी गवताची युक्ती तर वर्गात दाखवण्याजोगी आहे. बियाचे लांब कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, सुकले की पुन्हा पीळ घेते, आणि या हालचालीत बी मातीत शिरून आगीपासून वाचते. वारंवार वणवा लागणाऱ्या जागी म्हणूनच कुसळीचे फावते.

‘राख म्हणजे खत’ हेही अर्धेच खरे. पालाश उरतो, पण नत्राचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो, आणि उघड्या उतारावरची राख पहिल्या जोरदार पावसातच वाहते. जळतात ती झाडांची कोवळी रोपे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी. पळस मुळापासून पुन्हा फुटतो, परंतु वणवा दरवर्षी आला तर तो झुडूपच राहतो. यलोस्टोनमध्ये एका जागी मोठी आग पुन्हा येण्यास शतक-दोन शतके जातात. आपल्याकडे आगीचा हंगाम दर उन्हाळ्यात, आणि काडी बहुतेक वेळा माणसाचीच. त्यात पायथ्याच्या गावांपर्यंत कारखाने आल्याने पळालेल्या प्राण्याला शेजारचे गवताळ रान उरत नाही.

मात्र जळलेली टेकडी ओसाड ठरवून तेथे गिरिपुष्पाची रांग लावणे हे दुसरे टोक. जयश्री रत्नम, महेश शंकरन व सहकाऱ्यांनी २०११ मधील एका निबंधात असे मांडले, की जंगल म्हणून गणले जाणारे कितीतरी प्रदेश वस्तुतः सॅव्हाना आहेत. गवत व आग यांचे नाते त्यांच्या घडणीतच आहे. प्रश्न आग असावी की नसावी एवढाच नाही, ती किती वर्षांनी यावी हाही आहे.

जुलैमध्ये मुलांना टेकडीवर न्यावे. पायवाटेच्या एका बाजूला वणवा थांबलेला असतो. दोन्हीकडे सुतळीने एकेक मीटरचे चार-चार चौकोन आखावेत आणि गवताचे प्रकार व झाडांची रोपे वेगवेगळी मोजावीत. हिरवेपणाची नोंद नको. तो दोन्हीकडे सारखाच भरेल.