बिनतारी ॲड हॉक नेटवर्कमधील संदेशांची टक्कर : आरटीएस-सीटीएस पद्धतीची चिकित्सा

ॲड हॉक नेटवर्कमध्ये मध्यवर्ती मनोरा नसतो; केव्हा बोलावे हे प्रत्येक नोड स्वतःच ठरवितो. परिणामी, परस्परांना ऐकू न येणारे दोन नोड तिसऱ्याकडे एकाच वेळी संदेश पाठवितात आणि दोन्ही संदेश निकामी होतात. यावर फिल कार्न यांनी १९९० मध्ये मॅका पद्धती सुचविली. पाठविणाऱ्याने आधी छोटी विनंती, म्हणजे आरटीएस, पाठवावी. घेणाऱ्याने सीटीएसद्वारे संमती द्यावी आणि ती ऐकणाऱ्या इतरांनी गप्प राहावे. १९९७ च्या ८०२.११ मानकात ही तरतूद ऐच्छिक स्वरूपात आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत विषय बहुधा येथेच संपतो.

परंतु जो संदेश बिघडवू शकतो त्याला संमती ऐकू येतेच, हे त्यामागील गृहीतक टिकत नाही. संदेश समजण्यास लागणाऱ्या शक्तीहून पुष्कळ कमी शक्ती दुसऱ्याचा दुबळा संदेश बिघडविण्यास पुरते. सिम्युलेशनमध्ये प्रचलित असलेला २५० मीटरचा पल्ला, अंतराच्या चतुर्थ घाताने घटणारी शक्ती आणि इष्ट संदेश दहापट प्रबळ असण्याची अट घेतली, तर बाधक पल्ला मूळ अंतराच्या १.७८ पट भरतो. म्हणजे २०० मीटरच्या दुव्यास ३५६ मीटरवरील नोडही बाधक ठरतो. संमती मात्र २५० मीटरपलीकडे समजत नाही. शू, गेर्ला व बे यांनी २००२ मध्येच हा दोष दाखविला होता.

या हिशेबानुसार १४० मीटरपर्यंतचा दुवा सुरक्षित ठरतो, पण तो सपाट, मोकळ्या मैदानात. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या आवारात बॉयलरच्या पोलादी सांगाड्याआड १०० मीटरवरील संदेशही क्षीण होऊ शकतो. अशा क्षीण दुव्यास दूरचा, संमती न समजलेला नोड सहज बिघडवितो. तेव्हा प्रश्न मीटरचा नसून दुव्याच्या बळाचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल. प्रबंधिकेतही हेच सपाट मैदान होते, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

याउलट भास्करन रामन व कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये, आयआयटी कानपूर येथे असताना, ग्रामीण भागातील लांब पल्ल्याच्या दुव्यांसाठी ही स्पर्धात्मक पद्धतीच वगळली. एका नोडवरील सर्व दिशादर्शी अँटेनांनी एकत्र पाठवावे किंवा एकत्र ऐकावे, अशी पाळी त्यांनी बांधली. दिशादर्शी अँटेना नसलेल्या आवारात ती रचना जशीच्या तशी चालणार नाही. तथापि तेथे पद्धतीची निवड जागेवरून झाली आहे. आपल्याकडील प्रबंधांत जागेचा उल्लेख बहुधा केवळ मुखपृष्ठावर, महाविद्यालयाच्या पत्त्यात आढळतो.