मेणकिड्याची साक्ष

नशिराबादच्या शिवारात अळी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती कपाशीच्या बोंडात शिरलेली गुलाबी अळी. २०१७ च्या हंगामाची आठवण इथल्या शेतकऱ्याला करून द्यावी लागत नाही. या लेखातली अळी मात्र पिकाच्या वाटेला जात नाही. ती मधमाश्यांच्या पोळ्यात मेण पोखरून वाढते. मधपाळ तिला मेणकिडा म्हणतात, शास्त्रीय नाव गॅलेरिया मेलोनेला. मधपाळांचा हा वैरी गेली काही वर्षे प्रयोगशाळांत जिवाणूभक्षक विषाणूंची, म्हणजे फेजची, परीक्षा घेतो आहे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर फेज हा उतारा ठरेल काय, या प्रश्नावर अळीची साक्ष काढली जाते. ती किती ग्राह्य धरायची, एवढेच इथे तपासायचे आहे.

साक्षीदार निवडला आहे तो विचारपूर्वक. ही अळी ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेत, तग धरते. तिच्या शरीरद्रवातल्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींसारख्या जिवाणू गिळतात. संसर्ग बळावला की पांढुरकी अळी काळी पडत जाते, त्यामुळे निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. मागच्या आखूड पायातून बारीक सुईने दहा मायक्रोलिटर जिवाणू टोचायचे, मग फेज टोचायचा आणि दोन-चार दिवस किती जगल्या ते मोजायचे. खर्च उंदरापेक्षा कितीतरी कमी. २००९ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बर्कहोल्डेरिया गटाच्या जिवाणूंनी बाधित अळ्या फेजमुळे अधिक संख्येने जगतात असे दाखवले, आणि पुढे या पद्धतीचा चांगलाच प्रसार झाला.

स्वस्त आणि मोजता येणारी चाचणी किती मोलाची, हे आपल्याच इतिहासावरून कळते. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी असल्याचे नोंदवले. फेजला नाव देणारे फेलिक्स द'हेरेल १९२६ मध्ये प्लेगवर फेज वापरून पाहण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेत आले होते. पुढच्या वर्षी पंजाबात पटकीच्या रुग्णांना फेज दिला, तेव्हा घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के आणि न घेणाऱ्यांत सुमारे ६३ टक्के दगावले. आकडे डोळे दिपवणारे खरे, पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. औषध घेणारा आणि नाकारणारा रुग्ण मुळातच वेगळा असू शकतो. अळी नकार देत नाही; वीस-वीसचे गट पाडून एका गटाला उष्णतेने निष्प्रभ केलेला फेज टोचता येतो. द'हेरेलना न जमलेली तुलना इथे एका टेबलावर होते.

माझा आक्षेप वेळेवर आहे. पुष्कळ प्रयोगांत जिवाणू टोचल्यानंतर लगेच, त्याच पोकळीत फेज टोचतात. शिकारी आणि सावज एकाच डबक्यात सोडल्यावर शिकार होणारच. २०१६ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या गटाने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलवर केलेले काम या बाबतीत प्रामाणिक आहे. त्यांनी फेज आधी, सोबत आणि नंतर असा तिन्ही प्रकारे दिला. सर्वांत चांगला निकाल आधी देण्याचा, सर्वांत कमकुवत नंतर देण्याचा. आणि रुग्ण तर नेहमी नंतरच येतो! मधुमेहाने पायाला चिघळलेली जखम घेऊन खेड्यातला माणूस जळगावच्या दवाखान्यात पोहोचतो, तोवर जिवाणूंनी चिकट थर करून ठाण मांडलेले असते. त्याला नुसते जगायचे नसते; पाय वाचवायचा असतो, जखम भरायला हवी असते. जिवंत की मेलेली, एवढेच सांगणारी अळी त्याबद्दल मूक आहे.

दुसरी गोष्ट प्रतिपिंडांची. फेज वारंवार दिला तर माणसाचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. कीटकात ही सोयच नाही. तिसरी, औषध टिकण्याची. फ्रान्स आणि बेल्जियममधील भाजलेल्या रुग्णांवरच्या 'फेजोबर्न' चाचणीत फेजचे प्रमाण साठवणुकीत घसरले आणि रुग्णांना ठरल्यापेक्षा फार कमी मात्रा मिळाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात फेज नेहमीच्या उपचारापेक्षा मंद ठरला. इथे कसोटी लागली ती बाटलीची आणि पुरवठ्याची; ती कोणतीही अळी घेणार नव्हती. (अळ्यांचेही तसेच: मासेमारीच्या आमिषासाठी विकल्या जाणाऱ्या अळ्या वयाने, खाद्याने सारख्या नसतात, आणि निकाल मात्र सारख्या असल्यासारखे छापले जातात.)

म्हणून मी अळीला चाळणी म्हणेन, न्यायाधीश नव्हे. पन्नास फेजमधून पाच निवडायला ती उत्तम. त्या पाचांतला कोणता रुग्णाला द्यायचा, हे ती ठरवू शकत नाही. गावच्या गटारीत किंवा वाघूरच्या पाण्यात फेज शोधणे अवघड नाही, आणि जळगावच्या विद्यापीठात किंवा एखाद्या महाविद्यालयात ही चाचणी परवडण्याजोगी आहे. तिथे कुणी ती करायला घेतली, तर अहवालात मला तीन रकाने पाहायला आवडतील: संसर्गानंतर किती तासांनी फेज दिला, अळ्या कुठून आणल्या आणि त्यांचे वजन किती, आणि चार महिने शीतकपाटात ठेवलेल्या त्याच फेजने पुन्हा किती अळ्या वाचवल्या.