टिळकांचा राग आणि लक्ष्मीबाईंची साक्ष

मागच्या उन्हाळ्यात रात्री अकराच्या कॉलवर मी टीममधल्या एका ज्युनिअर मुलीवर ओरडलो. रिलीज अडकलं होतं आणि चूक तिची नव्हतीच. त्या रात्री झोप लागली नाही. दर रविवारी सदरमधल्या चर्चमध्ये जाणारा माझा एक मित्र म्हणाला, "प्रार्थना करायला लागलो आणि माझा राग गेला बघ." मी हसलो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. राग असा जातो का? या एका प्रश्नासाठी मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतलं.

हे पुस्तक आपण विनोदासाठी, साध्या भाषेसाठी, एका विलक्षण संसाराची गोष्ट म्हणून वाचतो. ते रागाचंही पुस्तक आहे, हे या वाचनात लक्षात आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणजे फुला-मुलांचे हळवे कवी. पण घरातले टिळक तापट आणि लहरी. कधी भडकतील, कधी घर सोडून निघतील, हातातला पैसा कधी कुणाला देऊन मोकळे होतील, याचा भरवसा नाही.

त्यांच्या धर्मांतराची सुरुवात आमच्याच रेल्वेमार्गावर झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मत्तयच्या शुभवर्तमानात आपल्या प्रश्नाशी संबंध असलेल्या दोन जागा आहेत. अकराव्या अध्यायात येशू थकल्या-भागलेल्यांना विसावा देऊ करतो. माझ्या मित्राला तीच जागा प्रिय आहे. पण डोंगरावरचं प्रवचन त्याआधी, पाचव्या अध्यायात सुरू होतं. तिथे रागाला थेट खुनाच्या रांगेत बसवलं आहे. आणि देवाला अर्पण आणलं असेल तर ते तिथेच ठेव, दुखावलेल्या भावाशी आधी समेट कर, मग ये, असं सांगितलं आहे. म्हणजे विसाव्याच्या वाटेवर दुसरं माणूस उभं आहे. त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

'स्मृतिचित्रे'चं मोल मला इथे दिसतं. श्रद्धेने मन शांत झाल्याच्या साक्षी बहुधा ज्याचं मन शांत झालं तोच देतो. इथे साक्ष देते ती त्या रागाबरोबर संसार केलेली बायको. टिळकांना सत्य सापडलं, तेव्हा लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. पुढची काही वर्षं त्यांनी लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे काढली. एकाच्या शांतीची किंमत दुसऱ्याने कशी मोजली, हे त्या रडगाणं न गाता सांगतात. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० साली, आणि नवऱ्यामागे मुकाट्याने गेल्या असंही नाही. आधी त्या नवऱ्याकडे परतल्या. शिवाशिवीचा पगडा मनावरून उतरला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि मगच बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांचा राग गेला का? नाही. अहमदनगरच्या घरातही भांडणं आहेत, रुसवे आहेत. पण त्याच घरात अनाथ मुलं आहेत, बालकवी ठोंबरे आहेत, दारी येणारा कुणीही आहे. त्याच बेचैनीपोटी टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढतात. त्यांचा ताप थंडावत नाही, पण त्याचं तोंड हळूहळू घराकडून बाहेरच्या अन्यायाकडे वळतं. आणि भांडण झालं की परत येणं, बोलणं, हसणं या घरात सुटत नाही. या पुस्तकातला विसावा मला त्या परत येण्यात दिसतो.

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला, टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. इतक्या अंतरावरून जुने घाव गमतीचे होतात. काही प्रसंगांत मी आधी हसलो आणि मग चपापलो, कारण आज माझ्या बहिणीने तीच गोष्ट सांगितली असती तर मी हसलो नसतो. लक्ष्मीबाई माफ करतात, तो त्यांचा अधिकार. वाचकाने त्यांच्या वतीने इतक्या सहज माफ करू नये.

पुस्तक संपल्यावर मी त्या ज्युनिअर मुलीची माफी मागितली. दोन महिने उशिराने. ती "इट्स ओके सर" म्हणाली आणि स्क्रीनकडे वळली. मला हलकं वाटलं. तिला काय वाटलं, ते मला कळलेलं नाही. आमच्या घरातली लक्ष्मीबाई ती आहे, आणि तिचं पुस्तक अजून लिहून व्हायचं आहे.