जेवणाचे नियम : चरक काय सांगतो, आपण काय ऐकतो

‘आयुर्वेदाने हे पूर्वीच सांगितले होते, आता विज्ञानाने सिद्ध केले’ हे वाक्य आरोग्यविषयक पुस्तिकांत आणि शाळांच्या भित्तिपत्रकांवर पुष्कळदा आढळते. ‘लक्ष देऊन, सावकाश जेवा’ या सूचनेखाली तर ते हमखास असते. त्याचे दोन्ही भाग तपासून पाहू या.

चरकसंहितेतील विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात जेवणाचा विचार आठ अंगांनी केला आहे. पदार्थाचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, पदार्थांचा संयोग, प्रमाण, देश, काल, जेवण्याचे नियम आणि शेवटी जेवणारा माणूस. नियम असे की अन्न गरम व स्निग्ध असावे, आधीचे पचल्यावरच खावे, मनाला रुचेल अशा जागी खावे, बडबड व हसणे टाळून अन्नाकडे मन लावावे. फार भराभर जेवू नये आणि फार रेंगाळतही जेवू नये. यातले ‘रेंगाळत नको’ पुस्तिकांतून गळून जाते आणि त्याऐवजी घास बत्तीस वेळा चावण्याचा आदेश येतो. असा कोणताही आकडा या नियमांत नाही. शेवटचा नियम तर मला काय मानवते आणि काय मानवत नाही हे स्वतः पाहून जेवावे, असा आहे. भित्तिपत्रकावर नेमका तोच नसतो.

पाण्याचेही तसेच. जेवताना पाणी पिणे आयुर्वेदाला मुळीच मान्य नाही, असे ठासून सांगितले जाते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मात्र जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, नंतर पिणारा स्थूल होतो आणि मध्ये पिणारा सम राहतो, असे म्हटले आहे. पोटाचे भाग चरक तीन करतो, वाग्भट चार. ‘आयुर्वेद सांगतो’ म्हणणाऱ्याला म्हणूनच ‘कोणता ग्रंथ?’ असे विचारावे.

आता विज्ञानाची बाजू. योग्य प्रमाणात खाल्लेले हितकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध यांमुळे पचत नाही, असे विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अमेरिकन डॉक्टर विल्यम बोमाँट यांना एक रुग्ण असा मिळाला, की गोळी लागून त्याच्या पोटाला पडलेले छिद्र बुजलेच नाही. त्यातून जठराचे काम पाहताना रागाचा पचनावर होणारा परिणाम त्यांनी टिपला आणि 1833 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की अन्न जठरात पोचण्याआधीच जाठररस सुटू लागतो. पचनावरील संशोधनासाठी त्यांना 1904 चे नोबेल मिळाले. निरीक्षण जुळते हे खरे, पण स्पष्टीकरण जुळत नाही. चरकाचा जठराग्नी आणि पावलॉव्ह यांच्या मज्जातंतू एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय आहे.

विज्ञानाच्या नावाने आलेले सगळेच टिकते असेही नाही. बेसावधपणे खाण्यावर कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉनसिंक यांचे संशोधन जगभर गाजले. 2018 मध्ये त्यांचे 6 शोधनिबंध एकाच दिवशी मागे घेतले गेले. तरीही 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 24 अभ्यासांच्या एका आढाव्यात लक्ष दुसरीकडे असताना अधिक खाल्ले जाते, आणि नंतरच्या खाण्यात ते अधिकच वाढते, असे आढळले. तेव्हा ‘मन लावून जेवा’ला आधार आहे. त्यावरून दूध आणि मासे एकत्र न खाण्याचा नियमही सिद्ध झाला, असे मात्र ठरत नाही. प्रत्येक नियमाला त्याचा त्याचा पुरावा हवा.

‘रुचेल अशी जागा’ हे अंग तर आपण वाचतच नाही. कामोठ्यात राहून मुंबईला नोकरी करणारा माणूस मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून सकाळी हार्बर लोकल धरतो आणि रात्री परत येतो. त्याला शांतपणे जेवा असे सांगणे सोपे आहे. वेळ कोठून आणायचा ते पुस्तिका सांगत नाही. शाळेतही मधल्या सुट्टीत डबा संपवून मैदान गाठायचे असते. सुट्टी दहा मिनिटांनी वाढवणे भित्तिपत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

हे वर्गात पाहता येईल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर रात्रीच्या जेवणाची नोंद ठेवावी : आधी भूक होती का, टीव्ही किंवा मोबाइल चालू होता का, जेवण किती मिनिटांत संपले, पुन्हा खावेसे कधी वाटले. पदार्थांची नावे विचारू नयेत, कोणाच्या घरी काय शिजते ते उघडे पडते. वजनेही करू नयेत.