मातीचा वर्णपट : मोजणी की अंदाज?

मातीवर प्रकाश टाकला की ती काही तरंगलांबींचे किरण शोषून घेते व उरलेले परत पाठवते. या परावर्तनावरून मातीचे गुणधर्म सांगता येतील का? या प्रश्नावर कीथ शेफर्ड व मार्कस वॉल्श यांचा २००२ सालचा निबंध महत्त्वाचा मानला जातो. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील एक हजारांहून अधिक नमुन्यांचे दृश्य व निकट-अवरक्त पट्ट्यातील (३५० ते २५०० नॅनोमीटर) वर्णपट घेऊन त्यांनी ते रासायनिक पृथक्करणाच्या आकड्यांशी जोडले.

पद्धत जलद आहे, रसायने लागत नाहीत. सूत्र बांधताना न वापरलेल्या नमुन्यांवर ते पडताळले, हेही निबंधाचे श्रेय. आकडे किती जुळतात ते सांगणारा गुणांक (१ म्हणजे तंतोतंत) चिकणमाती व सेंद्रिय कर्बासाठी ०.८०, तर सामूसाठी ०.७० आला.

आमचा आक्षेप निबंधावर नाही, त्यातून पुढे रूढ झालेल्या ‘प्रकाशाने माती मोजली’ या भाषेवर आहे. पाणी १४०० व १९०० नॅनोमीटरजवळ, चिकणमातीतील खनिजे २२०० नॅनोमीटरजवळ किरण शोषतात. सेंद्रिय पदार्थांच्याही स्वतःच्या खुणा असतात. सामूची अशी खूण नाही. तो खनिजे व सेंद्रिय पदार्थ यांच्याशी असलेल्या संबंधावरून ताडला जातो. उंचीवरून वजन सांगावे, तसेच हे.

पिकाला उपलब्ध असलेल्या स्फुरदाचे तर याहून कठीण. त्याचे प्रमाण अत्यल्प असते. गेल्या हंगामात सुपर फॉस्फेट घातले तरी वर्णपट फारसा बदलत नाही. शेतकऱ्याला मात्र खताची मात्रा ठरवण्यासाठी नेमका हाच आकडा हवा असतो. तो चुकला तर पैसा वाया जातो किंवा पीक उपाशी राहते.

शिवाय आफ्रिकेतील नमुन्यांवर बांधलेले सूत्र दख्खनच्या काळ्या मातीला जसेच्या तसे लावता येणार नाही. इथले नमुने आधी प्रयोगशाळेत तपासून संग्रहात घालावे लागतील. म्हणजे वर्णपटमापक आला तरी प्रयोगशाळा सुटत नाही.

शिक्षकांनी वर्गात हे करून पाहावे. निम्म्या मुलांच्या उंची-वजनावरून सूत्र काढावे, उरलेल्या निम्म्यांवर पडताळावे आणि मग तेच सूत्र दुसऱ्या इयत्तेला लावावे. चूक कुठे वाढते ते मुलांनाच दिसेल. मोजणी आणि अंदाज यांतला फरक त्यातून पक्का समजेल.