गोष्टीतला कोल्हा आणि जिवतीची शेळी

प्राथमिक शाळेतल्या मुलाला 'कोल्हा कसा असतो?' असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते : लबाड. लांडगा दुष्ट. रानकुत्र्याबद्दल विचारले तर मुले गावातल्या मोकाट कुत्र्यांबद्दल बोलू लागतात. कोल्हा काय खातो, एकटा राहतो की जोडीने, पिले कोण सांभाळते, हे विचारले की वर्ग गप्प बसतो. म्हणजे या प्राण्यांचा स्वभाव मुलांना ठाऊक असतो, पण प्राणी ठाऊक नसतो. शहरातल्या शाळेत याने फारसे बिघडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीसारख्या तालुक्यात मात्र बिघडते. माणिकगडच्या डोंगरावर वसलेला हा तालुका. कोलाम, गोंड, बंजारा आणि इतर कुटुंबे कापूस, तूर, ज्वारी यांची शेती करतात आणि जोडीला चार-सहा शेळ्या पाळतात. अशा घरातली एक शेळी गेली तर ते वर्षाच्या हिशेबातले मोठे भोक असते. तिथले मूल 'दुष्ट लांडगा' हे शब्द गोष्ट म्हणून ऐकत नाही, बातमी म्हणून ऐकते.

म्हणून आपण वर्गात नेहमी सांगतो त्या गोष्टी प्राणिशास्त्राच्या काट्यावर एकदा तोलून पाहाव्यात असे आम्हांला वाटले. गोष्टीतले प्राणी ही माणसांची सोंगे असतात, त्यांना शास्त्र लावणे अरसिकपणाचे आहे, असा आक्षेप यावर येईल. तो आम्हांला अर्धा मान्य आहे. पण वर्गात कोल्ह्याबद्दल दुसरे काहीच सांगितले जात नसेल, तर सोंगालाच मुले खरे समजणार.

पंचतंत्रापासून सुरुवात करू. सिंहाच्या दरबाराभोवती घोटाळणारे करटक आणि दमनक हे दोन कोल्हे कारस्थानी आहेत खरे, पण त्यांची राहणी बघा : मोठ्या शिकाऱ्याच्या उष्ट्यावर लक्ष ठेवून जगणे. खरा कोल्हाही हे करतो. युद्धभूमीवर पडलेल्या ढोलापाशी जाणारा भुकेला कोल्हा मेलेली जनावरे शोधणाराच आहे. सर्वांत नेमकी गोष्ट चंडरवाची. रात्री अन्नाच्या शोधात तो गावात शिरतो, कुत्री मागे लागतात, निळीच्या पिंपात पडतो, रानात जाऊन राजा होतो आणि एका रात्री दुसऱ्या कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून त्याला राहवत नाही. तोही ओरडतो आणि उघडा पडतो. आज युरोपात कोल्ह्यांची गणती करताना संशोधक हेच करतात. ध्वनिमुद्रित कोल्हेकुई रात्री वाजवायची आणि कोठून किती उत्तरे येतात ते मोजायचे. पंचतंत्रकाराला प्राणिशास्त्र शिकवायचे नव्हते, पण त्याने कोल्हा ऐकला होता. ही गोष्ट सांगताना 'खोटेपणा उघडा पडतो' या तात्पर्यावर थांबणारा शिक्षक हातातली चांगली संधी घालवतो, असे आमचे मत आहे.

इसापचे प्रकरण वेगळे आहे. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची 'इसपनीतिकथा' १८२८ साली छापली गेली आणि मराठी मुलांच्या वाचनात ग्रीक प्राणी आले. इसापचा लबाड प्राणी इंग्रजीत 'फॉक्स' आहे. आपल्याकडे त्या जातीच्या प्राण्याला खोकड म्हणतात. खोकड लहान, झुपकेदार शेपटीचे, माळरानात बीळ करून राहणारे. कोल्हा त्याहून मोठा आणि लांडगा-कुत्रा यांच्या कुळातला. भाषांतरात खोकडाचे गुण कोल्ह्याच्या माथी बसले आणि दोन प्राण्यांचा एक झाला. गंमत अशी की द्राक्षांची गोष्ट कोल्ह्यालाही शोभून दिसते. बोरे, जांभळे, ऊस, मका, खरबूज यांतले काहीही त्याला वर्ज्य नाही. फळांकडे तोंड वर करून पाहणारा मांसाहारी प्राणी ही इसापची कल्पना नव्हे, निरीक्षण आहे.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लांडग्याची नाहीच, मुलाची आहे. तरी तिच्यात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. कळपाजवळ एकटे लहान मूल होते आणि हाकेला मोठी माणसे यायला हवी होती. कळपाबरोबर जागरूक माणूस आणि कुत्री असली की नुकसान घटते, हे सोलापूर-पुण्याकडच्या धनगरांना कोणी शिकवावे लागत नाही. आणि लांडगा माणसावर कधीच येत नाही असे सांगण्याच्या फंदात शिक्षकाने पडू नये. १९९६ साली पूर्व उत्तर प्रदेशात आणि २०२४ साली त्याच राज्यातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी मुले मारली आहेत. अशा घटना विरळ असतात. पिसाळलेला लांडगा किंवा कोल्हा हा आणखी निराळा धोका. तो चावला तर जखम साबणाने भरपूर धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे तर गोष्टीच्या आधी सांगायला हवे.

राहिला किपलिंग. १८९५ च्या 'सेकंड जंगल बुक'मध्ये दख्खनचे तांबडे रानकुत्रे शेकड्यांनी येतात आणि वाटेतले सगळे फाडत जातात. लांडगे मात्र उमदे, कायद्याने वागणारे. आणि तबाकी कोल्हा उष्टी चाटणारा लाचार. आमच्या मते तिन्ही प्राण्यांपैकी सर्वांत मोठा अन्याय झाला तो रानकुत्र्यावर. कोळसुंदा, ढोल अशीही त्याला नावे आहेत. शास्त्रीय नाव क्युऑन अल्पिनस. कुत्र्याला बेचाळीस दात असतात, याला चाळीस. तो भुंकत नाही, शीळ घालून सोबत्यांना हाक देतो. कळप साधारणपणे पाच-दहा जणांचा, क्वचित वीस-पंचवीस. डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात बंदिपूरच्या जंगलात रानकुत्र्यांचा अभ्यास केला. तिथे त्यांची मुख्य शिकार चितळ होती. पण इंग्रजी अमदानीत शिकाऱ्यांना हा प्राणी हरणांचा शत्रू वाटे आणि त्याला मारल्याबद्दल सरकारी बक्षीस मिळे. किपलिंगची कथा त्या बक्षिसाच्या काळातली आहे, हे वाचणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. भाषांतरे आणि चित्रपट ते सांगत नाहीत.

या साऱ्याला उत्तर म्हणून अलीकडे निसर्गावरच्या लेखांत दुसरेच टोक दिसते : 'कोल्हा शेतकऱ्याचा मित्र'. यात तथ्य आहे. तो उंदीर-घुशी खातो, मेलेली जनावरे संपवतो. युरोपातले कोल्हे वर्षाला १३ हजार टनांहून अधिक प्राणिज कचरा फस्त करतात, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. पण ज्या मुलीच्या घरचे करडू काल रात्री गेले तिला 'मित्र' हा शब्द ऐकवून पाहा. तिचा शास्त्रावरचा विश्वास तिथेच संपेल. कोल्हा करडे, कोकरे, कोंबड्या नेतो, आणि ते लपवणारा लेख इसापइतकाच एकांगी आहे.

मग खरे कसे शोधायचे? अमेरिकेतल्या कायोटीचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण कोल्ह्याच्या या भाऊबंदाशी तिथल्या मेंढपाळांचे भांडण शंभर वर्षांहून जुने आहे. अ‍ॅडॉल्फ म्युरी यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस यलोस्टोनमध्ये कायोटीची पाच हजारांहून अधिक विष्ठा तपासली. आत सापडले ते मुख्यतः उंदरासारखे लहान प्राणी. तरी सरकारी खात्याने कायोटी मारणे चालूच ठेवले. आजही दरवर्षी हजारोंनी मारले जातात आणि कायोटीचा प्रदेश मात्र खंडभर पसरला आहे. मारल्याने जागा रिकामी होते, उरलेल्यांना अन्न जास्त मिळते, अधिक पिले जगतात. त्याहून लक्षात ठेवण्याजोगे निष्कर्ष नंतरचे आहेत. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी प्रदेश राखून असलेल्या, पिले वाढवणाऱ्या जोड्यांतले निघाले. युटा राज्यात काही जोड्यांची शस्त्रक्रियेने नसबंदी केली तेव्हा त्यांच्या हद्दीत कोकरांचे बळी कमी झाले. म्हणजे सरसकट मारण्याने दोषी सापडतोच असे नाही.

जिवतीत या चौकशीची सुरुवात मेलेल्या शेळीपासून करता येते. विष्ठेत शेळीचे केस सापडले म्हणजे कोल्ह्याने शेळी मारली असे सिद्ध होत नाही. आजाराने मेलेले जनावर गावाबाहेर टाकले जाते आणि तिथे कोल्हा, कुत्री, तरस सगळेच येतात. पशुवैद्य आधी कातडी सोलून पाहतात. चावा जिवंतपणी घेतला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेले असते; मेल्यावर घेतला असेल तर नसते. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा असतील तर बिबट्याकडे बोट जाते. मागच्या अंगाने फाडलेले असेल तर कुत्र्यांच्या कुळाकडे, आणि त्यात गावची कुत्रीही आली. गावच्या कुत्र्याचा संशय मात्र सहसा शेवटी घेतला जातो, हे आम्हांला विशेष वाटते.

केसांचा अभ्यास शाळेत करता येतो, पण विष्ठेला हात न लावता. तिच्यात माणसाला बाधणाऱ्या फीतकृमींची अंडी असू शकतात. शेळी, कुत्रा, मांजर, गाय यांचे केस मुलांनी घरून आणावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली मधला गाभा पाहावा. प्रत्येकाचा निराळा दिसतो. संशोधक विष्ठेतले केस ओळखतात ते याच खुणांवरून.

चुकीचा दोषी ठरला की पुढची पायरी विषाची असते. मेलेल्या जनावरात कीटकनाशक भरून ठेवले की कोल्ह्याबरोबर गिधाडे आणि गावची कुत्रीही मरतात. भूतानमध्ये गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत गुरे मारतात म्हणून रानकुत्र्यांना विष घातले गेले. पुढे रानडुकरे वाढली आणि पिकांचे नुकसानही वाढले. तिथल्या अभ्यासकांनी या दोहोंचा संबंध जोडला आहे. रात्रभर शेतात जागल करणाऱ्या चंद्रपूरच्या शेतकऱ्याला रानडुकराचे नाव सांगावे लागत नाही. हा प्रसंग पाठ्यपुस्तकातल्या अन्नसाखळीच्या बाणांपेक्षा त्या वर्गाला लवकर कळेल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी कोणत्याच गोष्टीच्या पुस्तकात नाही. महाराष्ट्र शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर लांडगा, कोल्हा आणि रानकुत्रा यांचीही नावे आहेत. मारलेल्या पशुधनाची भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. मात्र ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवायचे नसते. अर्ज मराठीत असतो. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात तो वाचू शकणारी व्यक्ती पुष्कळदा शाळेत जाणारी मुलगीच असते.